कानावर न पडणारे बोलणे मुलाच्या कानावर कसे घालावे

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवले जाणारे ऐकण्याचे उपकरण) बसवले की ते आपसूक बोलू आणि वागू-वावरू लागेल, अशी अनेक पालकांची अपेक्षा असते. मात्र मावशी रुसली आहे किंवा पाहुण्यांसमोर अमुक विचारायचे नसते, हे आपल्याला कुणी समोर बसवून शिकवलेले नसते. मोठ्यांचे बोलणे कानावर पडत गेले आणि ते उमगले. पण यंत्राचा मायक्रोफोन जवळचे बोलणेच नीट टिपतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि घरात त्यात पंखा, मिक्सर आणि टीव्हीची भर पडते. त्यामुळे ओट्यापाशी चाललेल्या गप्पा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलापर्यंत पोहोचतच नाहीत.

सुरुवात रोज सकाळी यंत्राच्या तपासणीने करावी. मुलाच्या बाजूला किंवा मागे उभे राहून, ओठ दिसू न देता, आ, ई, ऊ, म, श आणि स हे सहा ध्वनी नेहमीच्या आवाजात उच्चारावेत. क्रम रोज बदलावा आणि मधले अंतर कमी-जास्त ठेवावे, म्हणजे मूल अंदाजाने उत्तर देणार नाही. लहान मुलाने ध्वनी ऐकताच डब्यात एक मणी टाकावा. काल ऐकू आलेला ‘स’ आज आला नाही, तर बॅटरी, यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यात अडकलेला मळ आणि त्याच्या नळीतील ओलावा पाहावा. तरीही फरक पडला नाही, तर ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जावे.

यापुढचे काम अधिक मोलाचे आहे आणि ते घरच्यांनाच करावे लागते. समजा, शेजारच्या काकू दारात येऊन आईशी हळू आवाजात बोलल्या आणि आई लगेच डबा भरू लागली. मुलाला फक्त डबा दिसतो. अशा वेळी आईने त्याच्याजवळ बसून सांगावे, “काकूंचा बाळ तापाने फणफणला आहे. त्यांना स्वयंपाकाला वेळ मिळाला नसेल असे मला वाटले, म्हणून मी पोळीभाजी देते आहे.” वाटले, ठाऊक नव्हते, विसरला, गैरसमज झाला, हे शब्द रोजच्या बोलण्यात मुद्दाम आणावेत, कारण दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, हे मुलाला अशाच शब्दांतून कळू लागते. घरात खुणांची भाषा वापरली जात असेल, तर हेच खुणांनी सांगावे.

ऐकू न येताही मान डोलावण्याची सवय या मुलांना फार लवकर लागते आणि ती पाहून मला नेहमी वाईट वाटते. म्हणून “समजले का?” असे न विचारता “आता आपण काय करणार आहोत?” असे विचारावे. खेळताना मित्राला नुसते “काय?” म्हणण्याऐवजी “राज्य कुणावर आले?” असे नेमके विचारायला शिकवावे. सुरुवातीला मैदानाऐवजी घरातच एका-दोघा मित्रांना बोलवावे, टीव्ही बंद ठेवावा आणि खेळाचा नियम बदलला की तो मुलाकडे पाहून पुन्हा सांगायचा, हे त्या मित्रांनाही आधीच समजावून ठेवावे.