वर्षअखेरीस परदेशातून नागपूरला येताना

परदेशी राहणाऱ्या नागपूरकरांची घरची फेरी बहुधा डिसेंबरात होते आणि त्याच सुमारास विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही शहरात भरते; त्यामुळे सरत्या वर्षाचा हिशेब, राजकारणावरचे वाद आणि कुटुंबाची सहल हे सारे एकाच पंधरवड्यात येऊन पडते. थोडी पूर्वतयारी केली, तर ही सुट्टी सर्वांनाच सुखाची होऊ शकते.

परदेशातून निघण्यापूर्वीच वर्षाचा आढावा कागदावर, शक्यतो मराठीत, लिहून काढावा. पगार आणि बढती त्यातून वगळावी, कारण ती वार्ता नातेवाइकांपर्यंत आधीच पोहोचलेली असते. त्याऐवजी मुलांचे मराठी कुठवर टिकले आहे, आई-वडिलांच्या प्रकृतीविषयी कोणत्या गोष्टी आपल्याला उशिरा कळल्या आणि आणखी किती वर्षे तिकडे राहायचे, हे तीन प्रश्न प्रामाणिकपणे लिहावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठरवून आणू नये. ते घरच्यांशी बोलूनच ठरू द्यावे.

हे बोलणे दिवाणखान्यात सर्वांना बसवून होत नाही. डिसेंबरात सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, मुबलक असते, तेव्हा घरी सांबारवडीचा बेत करावा. कुणी जुड्या निवडते, कुणी खोबरे-खसखशीचे सारण परतते, कुणी पारी लाटून आत चिंच-गुळाचा हात फिरवते आणि भरलेली वडी दुमडून कडा दाबत असताना, एरवी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगणारी आई गुडघेदुखीविषयी आपणहून बोलू लागते. त्या वेळी सल्ला देण्याची घाई करू नये.

राजकारणाचा विषय टाळू म्हटले तरी टळत नाही. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घेण्याची तरतूद १९५३ च्या नागपूर करारात आहे, तर १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. घरातील ज्येष्ठांना एवढे दोन धागे पुरतात. ‘आमच्याकडे तिकडे असे होत नाही’ हे वाक्य चर्चेत आणू नये, कारण इथल्या निर्णयांचे परिणाम इथे राहणारे भोगतात. म्हणून आधी विचारावे, मग बोलावे: भावाच्या शेतातल्या कापसाला काय भाव मिळाला, वहिनींच्या शाळेत किती पदे रिक्त आहेत? मते आपोआप कळतात, आणि आवाजही फारसा चढत नाही.

ज्यांना केवळ मत मांडायचे नसून द्यायचेही आहे, त्यांनी आपली पात्रता तपासावी. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीला नमुना ६-अ भरून पारपत्रातील भारतातील पत्त्यावर मतदार म्हणून नोंदणी करता येते. मात्र मतदानासाठी मूळ पारपत्र घेऊन केंद्रावर स्वतः यावे लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारत सरकार देते ते ओळखपत्र) असले तरी, हा हक्क नाही.

सहलीचे आरक्षण परदेशातूनच करावे. ताडोबाचा गाभा क्षेत्रातील भाग मंगळवारी बंद असतो आणि नाताळच्या सुट्टीत जागा लवकर संपतात. पहाटेच्या उघड्या जिप्सीतली थंडी वृद्धांना सोसवत नाही. त्यांच्यासाठी रामटेक बरे, गाडी गडावर बरीच वर जाते. अधिवेशन सुरू असेल, तर मोर्चांमुळे सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडचे रस्ते अडतात, तेव्हा त्या बाजूची कामे मेट्रोने उरकावीत.

परतीच्या आधीचे दोन दिवस कोणाच्याही घरच्या जेवणाला देऊ नयेत, मग मावशी रुसली तरी चालेल. त्या दिवसांत आई-वडिलांसोबत बसून बँक खात्यांतील नामनिर्देशन, आरोग्य विम्याची मुदत आणि रोजच्या औषधांची यादी पाहावी, आणि अडीअडचणीला शेजारच्या कोणाला प्रथम फोन करायचा, हे त्या शेजाऱ्यांना भेटून ठरवावे.