आठवड्याला एकच विषय

लेक साडेतीन वर्षांची. तिला घरीच शिकवायचं ठरलं, पण तासांप्रमाणे आखलेलं वेळापत्रक बुधवारपर्यंत कोलमडायचं. म्हणून तास काढून टाकले आणि आठवड्याला एकच विषय धरला. बालशिक्षणाचं काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपले हेच शिकण्याचं साहित्य मानलं. ते मला मनापासून पटतं.

या आठवड्यात भाजी. सोमवारी मंडईत नावं, मंगळवारी मटार सोलून दाणे मोजायचे, बुधवारी भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, त्यात ती कितीतरी वेळ रमते! गुरुवारी गोष्ट-गाणी. शुक्रवार मुद्दाम मोकळा, राहिलेलं तेव्हा होतं. सामान रविवारी रात्रीच टोपलीत काढून ठेवते. अक्षरं गिरवणं अजून घेतलेलं नाही. आधी कणीक मळणं, मणी ओवणं.