किल्ट घेताना आधी मागची बाजू पाहा
स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या रॉयल माइल या रस्त्यावर स्वस्त किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे चुण्यांचे घागऱ्यासारखे पारंपरिक पोशाख, ओळीने टांगलेले दिसतात. घेण्याआधी मागच्या चुण्या नीट बघा. पारंपरिक किल्टला साधारण ८ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास लोकरी कापड लागतं. चुण्या हाताने शिवतात आणि बऱ्याचदा अशा घालतात की टार्टन या स्कॉटिश चौकडीच्या कापडाची नक्षी मागेही न तुटता पुढे जाते. आतून कॅनव्हास लावलेलं असतं, त्यामुळे कंबरेचा आकार वर्षानुवर्षं टिकतो. स्वस्तातला बहुधा अ‍ॅक्रिलिकचा, कापड कमी, चुण्या उथळ. चालताना तो डौलदार झोका येतच नाही. एखाद्या लग्नापुरता हवा असेल तर माझं ऐका, चांगला किल्ट भाड्याने घ्या. मॅच बघायला, पावसात भिजायला मात्र स्वस्तातला खुशाल घ्या.