ताई शाळेत गेली, आता धाकट्याचं काय करायचं?

थोरलीच्या शाळेची तयारी सगळं घर मिळून करतं. धाकट्याचीही करायची असते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आमचा धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा होता. घर-घर खेळताना आई ताई, बाळ हा. दुकान मांडलं की दुकानदार ताई, गिऱ्हाईक हा. ती गेल्यावर समोर ठोकळे असूनही तो नुसता बसून राहायचा. खेळ काढून देणारं माणूसच घरात उरलं नव्हतं.

म्हणून दिवसभर त्याची करमणूक करत बसू नका. खेळाची सुरुवात तेवढी मांडून ठेवा: ठोकळ्यांचा अर्धा पूल, किंवा रिकामे डबे आणि शेजारी त्यांची झाकणं. मग जवळ बसा, पण गप्प. ‘आता काय?’ म्हणून तो तुमच्याकडे बघेल, कुरकुरेल. थोडं थांबा. पुढचं झाकण तो स्वतःच उचलतो. हे थांबणं अवघड जातं, पण सगळं त्यातच आहे.

घड्याळातली वेळ या वयात कळत नाही, क्रम कळतो. ‘आंघोळ, खेळ, जेवण, झोप, मग ताई’ हे रोज त्याच शब्दांत सांगा. सकाळी तिला गुपचूप बाहेर काढू नका. रडला तरी त्याला टाटा करू द्या. ‘तूही जाशील लवकरच’ मात्र नको, त्याला ते उद्याच वाटतं.

खरी कसोटी ती परत आल्यावर. तो अंगावर झेपावतो, आणि तिला कुणीच जवळ नको असतं. दार उघडणं, तिचे बूट जागेवर ठेवणं ही कामं त्याला द्या. नंतर अर्धा तास तिला एकटीला सोडा. खेळायला ती आपणहून येते.

मध्येच चड्डी ओली होईल, अंगठा तोंडात जाईल. रागावू नका, बहुतेकदा ते आपोआप थांबतं. लांबलं, किंवा खाणं-बोलणं कमी झालं, तर डॉक्टरांना विचारा.

आणि तो स्वतःचे खेळ मांडू लागला की ते सांभाळा. ताई आल्या आल्या त्यांचा ताबा घेते. त्याचा अर्धवट पूल आधीच उंचावर ठेवून द्या, आणि तो खाली काढायचा का, हे त्यालाच ठरवू द्या.