समुद्रकाठचा कार्बन फ्रेमचा कॅमेरा ड्रोन : तपासणी, बदल आणि बिघाडशोध करताना या चुका टाळा

फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली. सुट्या भागांची आयात मात्र खुली राहिली. कार्बन फायबरची फ्रेम, मोटरी, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट), फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा छोटा संगणक) आणि कॅमेरा वेगवेगळे मागवून ड्रोन जुळवणारे हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार कोकणातही आहेत. अशा ड्रोनचा मोठा गुण हा, की त्याचा प्रत्येक भाग उघडून पाहता येतो आणि बदलता येतो. पण याच सोयीमुळे एक वाईट सवयही जडते. चित्र थरथरले की लॅपटॉप उघडून सॉफ्टवेअरमधला फिल्टर बदलायचा, ड्रोन भरकटला की नवे जीपीएस मागवायचे, मोटर तापली की मोटरच बदलायची. खाऱ्या हवेत उडणाऱ्या ड्रोनसाठी हा क्रम उलटा आहे. येथे सॉफ्टवेअरचा वाटणारा दोष पुष्कळदा फ्रेमच्या भेगेत, सैल स्क्रूमध्ये किंवा मिठाने खाल्लेल्या सोल्डरमध्ये असतो, आणि तो तिथे शोधला नाही तर सेटिंग बदलल्याने तो केवळ झाकला जातो.

कार्बन गंजत नाही म्हणून निश्चिंत राहणे

कार्बनला गंज चढत नाही हे खरे आहे. परंतु कार्बन विजेचा वाहक आहे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही. दमट खाऱ्या हवेत कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले, की त्या दोघांमध्ये विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि तिच्यात झिजते ते नेहमी ॲल्युमिनियम. फ्रेमच्या दोन प्लेटांमधले रंगीत ॲल्युमिनियमचे स्टँडऑफ (प्लेटांमध्ये अंतर राखणारे खांब) आणि वजन वाचवण्यासाठी वापरलेले ॲल्युमिनियमचे स्क्रू याला आधी बळी पडतात. त्यांच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसू लागली, की आतले आटे खाल्ले जात आहेत असे समजावे; स्क्रू हाताला घट्ट लागतो, पण उड्डाणातल्या कंपनाला तो धरून राहत नाही. साधे काळे पोलादी स्क्रू वापरले तर त्यांच्या डोक्यातली षटकोनी खाच गंजते आणि ॲलन की नुसती फिरत राहते. म्हणून किनाऱ्यावर स्टेनलेस स्टीलचे किंवा परवडत असतील तर टायटॅनियमचे स्क्रू घ्यावेत, कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा पातळ वॉशर ठेवावा, आणि आट्यांना मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा द्रव गोंद) लावावा, कारण तो स्क्रू धरून ठेवतो आणि आट्यांत ओलावाही शिरू देत नाही. तोच थ्रेडलॉकर पॉलिकार्बोनेटच्या पात्यांना किंवा कॅमेऱ्याच्या प्लास्टिकला लागला तर प्लास्टिकला तडे जातात, एवढे सांभाळावे.

वाहकपणाचा दुसरा धोका याहून तातडीचा आहे. मोटरच्या तिन्ही तारा आर्मवरून (फ्रेमच्या ज्या हातावर मोटर बसते त्यावरून) येतात आणि यंत्रावर कापलेल्या कार्बनची कड धारदार असते. प्रत्येक उड्डाणात तार त्या कडेवर थोडी थोडी घासते. आवरण फाटून तांबे कार्बनला टेकले, की ईएससी क्षणात जळू शकतो. व्हिडिओ ट्रान्समीटरच्या अँटेनाचा धातूचा कनेक्टर थेट कार्बनमध्ये बसवलेला असेल, तर संपूर्ण फ्रेम आधीच बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडली गेलेली असते आणि मग कोठेही उघडी पडलेली एकच तार पुरेशी ठरते. त्यामुळे बॅटरी काढून ठेवावी, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असल्यास आवाज देणाऱ्या सेटिंगवर) लावावा आणि बॅटरीच्या कनेक्टरची दोन्ही टोके एकामागून एक फ्रेमशी तपासावीत. कार्बन प्लेटच्या वरचा राळेचा थर वीज वाहू देत नाही, म्हणून मल्टिमीटरची सुई सपाट पृष्ठभागावर टेकवून आवाज आला नाही तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. ती प्लेटच्या कापलेल्या कडेला किंवा स्क्रूच्या भोकात टेकवावी. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना बॅटरी आणि ड्रोन यांच्यामध्ये स्मोक स्टॉपर (शॉर्ट असल्यास प्रवाह रोखणारे साधन) असलाच पाहिजे. त्याची किंमत एका ईएससीच्या तुलनेत नगण्य आहे.

वरवर पुसून तपासणी झाली असे मानणे

मीठ हवेतली वाफ शोषून घेते आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच विरघळते. कोकणात अशी आर्द्रता रात्री-पहाटे अगदी नेहमीची आहे. म्हणजे दुपारी सर्किटवर कोरडी दिसणारी पांढुरकी पूड रात्री पिशवीत वीज वाहणारा द्रव बनते. म्हणूनच सफाई ‘रविवारी निवांत’ करण्यावर माझा विश्वास नाही. ती त्याच संध्याकाळी व्हावी. फ्रेम गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसावी, सर्किट आणि कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने साफ करावेत. खाडीकाठच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते, त्यामुळे विहिरीचे पाणी म्हणजे गोडे पाणी असे गृहीत धरू नये. गाडीच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये स्वस्तात मिळते, ते वापरणे उत्तम.

फ्रेम स्वच्छ झाल्यावरच भेगा दिसतात. आर्मची टोके, मोटरच्या स्क्रूंची भोके आणि आर्म जिथे मुख्य प्लेटमध्ये बसतो ती जागा, या तीन ठिकाणी भिंगाने पाहावे. एक जुनी आणि विश्वासार्ह पद्धत अशी, की नाण्याच्या कडेने आर्मवर बोटबोट अंतराने हलके ठोकत जावे. सलग कार्बनचा आवाज खणखणीत येतो, आणि आतले थर सुटले असतील तेथे तो बद्द येतो. त्यानंतर चारही आर्म एकेक करून हलका पीळ देऊन पाहावेत. एखादा आर्म इतरांपेक्षा अधिक वळत असेल तर त्याचा स्क्रू तरी सैल आहे किंवा थर तरी सुटले आहेत. केवळ कडेचे थर उकलले असतील तर तो भाग पूर्ण सुकवून त्यात पातळ सायनोॲक्रिलेट गोंद जिरवावा आणि क्लॅम्पने दाबून ठेवावा. भेग आरपार गेलेला आर्म मात्र गोंदाने जोडून पुन्हा उडवू नये. माणसांच्या डोक्यावरून उडणाऱ्या वस्तूत असली काटकसर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. कार्बन घासताना किंवा त्याला नवे भोक पाडताना तो ओला ठेवावा आणि मास्क लावावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते आणि सर्किटवर बसली तर वीजही वाहते.

काळी रेती आणि मोटर

रत्नागिरीजवळच्या मिऱ्या, काळबादेवी यांसारख्या किनाऱ्यांवर इल्मेनाइटची काळी रेती आहे, आणि तिच्यातले कण चुंबकाकडे ओढले जातात. ड्रोनच्या प्रत्येक मोटरमध्ये शक्तिशाली निओडिमियम चुंबक असतात. त्यामुळे पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) थेट उड्डाण घेणे ही मला सर्वांत टाळण्याजोगी चूक वाटते: पात्यांच्या वाऱ्याने उडालेली रेती मोटरच्या घंटेत (बाहेरच्या फिरत्या टोपणात) शिरते, चुंबकांना चिकटते आणि स्टेटर (आतला स्थिर, वेटोळ्यांचा भाग) व चुंबक यांच्यामधल्या अतिशय अरुंद फटीत घासत राहते. चुंबकांवरचा निकेलचा पातळ थर त्यामुळे खरवडला गेला, की आतला धातू खाऱ्या हवेत फुगून गंजतो आणि काही आठवड्यांत मोटर निकामी होऊ शकते.

उड्डाणासाठी घडीचा लँडिंग पॅड किंवा निदान एखादी जाड ताडपत्री न्यावी. पाती काढून मोटर बोटाने फिरवली असता खरखर जाणवली, तर तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकर मारू नये. त्याने रेती बेअरिंगमध्ये जाते. घंटेची सर्कलिप (दांड्यावरची अडकवणारी कडी) काढून घंटा अलग करावी आणि चुंबकांवरचे कण चिकटपट्टीने उचलावेत. बेअरिंगला हलक्या मशीन तेलाचा एकच थेंब द्यावा, कारण जास्तीचे तेल रेतीला धरून ठेवते. तरीही खरखर राहिली तर बेअरिंग बदलावे.

भाग बदलताना हिशेब न करणे

अपग्रेडमधली सर्वांत महाग चूक म्हणजे जुन्या मोटरींवर अधिक सेलची बॅटरी लावणे. मोटरची वेगमर्यादा केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, तो आकडा) आणि व्होल्टेज यांच्या गुणाकाराने ठरते. २४०० केव्हीची मोटर पूर्ण भरलेल्या ४ सेलच्या, म्हणजे १६.८ व्होल्टच्या बॅटरीवर विनाभार मिनिटाला सुमारे ४०,००० फेरे घेते. तीच मोटर ६ सेलच्या २५.२ व्होल्टवर ६०,००० फेऱ्यांकडे धावते आणि त्याच पात्यांसह जळण्याच्या मार्गाला लागते. ६ सेलवर जायचे असेल तर १७०० केव्हीच्या आसपासच्या मोटरी घ्याव्यात, ईएससी आणि व्हिडिओ ट्रान्समीटर तेवढे व्होल्टेज सोसतात का ते पाहावे, आणि बॅटरीच्या तारा जिथे सोल्डर होतात तिथे ३५ व्होल्टचा, १००० मायक्रोफॅरडच्या आसपासचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावावा.

आर्म बदलल्यावर जुनेच मोटर-स्क्रू वापरणेही घातक आहे. नवा आर्म जुन्यापेक्षा पातळ असेल तर तोच स्क्रू मोटरमध्ये अधिक खोल शिरून तांब्याच्या वेटोळ्याला टेकतो. स्क्रू बसवल्यावर वरून टॉर्च मारून त्याचे टोक आणि वेटोळे यांच्यात अंतर आहे याची खात्री करावी.

वजनाचा हिशेब तांत्रिक आहे तसा कायदेशीरही आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये वर्गवारी ठरते ती पेलोडसह एकूण वजनावरून: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. २४० ग्रॅमच्या ड्रोनवर ॲक्शन कॅमेरा चढवला, की तो मायक्रो होतो, आणि मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन लग्नाचे चित्रीकरण करायचे तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते.

अँटेना आणि होकायंत्र यांच्याबाबतीत नेमका उलटा समज प्रचलित आहे. कार्बनमुळे होकायंत्र बिघडते असे सांगितले जाते, परंतु कार्बन चुंबकीय नाही. होकायंत्र बिघडवतात त्या बॅटरीच्या तारांमधला मोठा प्रवाह आणि जवळचे पोलादी स्क्रू. त्यामुळे ते उंच दांडीवर, तारांपासून निदान १० सेंटिमीटर दूर बसवावे आणि धन-ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. कार्बन अडवतो ते रेडिओ लहरींना. म्हणून रिसीव्हरची अँटेना आणि जीपीएस प्लेटांच्या आत लपवू नयेत. व्हिडिओ ट्रान्समीटरला अँटेना जोडल्याशिवाय वीज तर कधीच देऊ नये.

बिघाड शोधताना एकाच वेळी अनेक बदल करणे

चित्रात जेलीसारखी थरथर असेल तर आधी पाती बदलावीत. तो सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. मग कॅमेऱ्याचे रबर पाहावे, कारण उन्हाने ते कडक होते, आणि शेवटी मोटरचा दांडा वाकला आहे का ते पाहावे. एनडी फिल्टरने (प्रकाश कमी करणाऱ्या काचेने) शटर मंद केले की थरथर कमी दिसते, पण कंपन तसेच राहते. आर्डूपायलट (फ्लाइट कंट्रोलरचे एक सॉफ्टवेअर) वापरत असाल तर लॉगमधली (उड्डाणाच्या नोंदवहीतली) कंपनाची नोंद ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असावी. ६० च्या वर गेली की उंची राखण्यात बिघाड जवळजवळ ठरलेलाच असतो.

हवेत एका जागी स्थिर ठेवलेला ड्रोन वाढत्या वर्तुळात फिरू लागला तर दोष बहुधा होकायंत्राचा असतो. धक्क्यावर किंवा ट्रॉलरवर उभे राहून केलेले कॅलिब्रेशन हे त्याचे येथे सहज घडणारे कारण आहे, कारण काँक्रीटमधल्या सळया आणि बोटीचे लोखंड त्याला चुकीची दिशा शिकवतात. मोकळ्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), गाडीपासून दूर जाऊन ते पुन्हा करावे.

लॉगमधली मोटरींची आकडेवारीही पुष्कळ सांगते. हवेत स्थिर असताना पुढच्या दोन मोटरी अधिक जोर लावत असतील तर कॅमेऱ्याने तोल पुढे नेला आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन मोटरी अधिक जोर लावत असतील तर एखादा आर्म पिळलेला आहे किंवा मोटर तिरकी बसली आहे. एकच मोटर तापत असेल तर ती दुसऱ्या आर्मवरच्या मोटरशी अदलाबदल करून पाहावी. दोष मोटरबरोबर गेला तर मोटर सदोष. जागेवरच राहिला तर ईएससी, तार किंवा आर्म तपासावा. चारही तापत असतील तर पाती मोठी आहेत किंवा सेटिंग चुकले आहे, आणि अशा वेळीच लॅपटॉप उघडणे योग्य.

परतीच्या फेलसेफमध्ये (संपर्क तुटल्यास ड्रोन आपोआप परत आणणाऱ्या सेटिंगमध्ये) कोकणाची रचना लक्षात घ्यावी लागते. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ड्रोन जाताना सहज जातो आणि परतताना दुप्पट बॅटरी मागतो. परतीची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, त्यामुळे पुळणीवरून उडून सड्यामागे गेलेला ड्रोन कमी उंचीवर परतू लागला तर कड्यावर आदळेल. जीपीएस स्थिर होण्याआधी मोटरी सुरू (आर्म) करू नयेत, आणि चालत्या होडीवरून उडवताना स्वयंचलित परतीवर अवलंबून राहू नये, कारण नोंदलेली जागा मागे राहिलेली असते.

पाण्यात पडल्यावर तांदळाच्या डब्यात ठेवणे

तांदूळ मीठ काढत नाही, उलट पीठ सोडतो. समुद्रात पडलेल्या ड्रोनची बॅटरी लगेच काढावी, आणि ड्रोन सुकण्याआधीच डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीनदा बुचकळून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा. सुकलेले मीठ काढणे फार कठीण जाते. भिजलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. ती घराबाहेर, पेंढा आणि झावळ्यांपासून दूर, वाळूच्या बादलीत ठेवावी. सर्किट पूर्ण सुकल्यावर त्यावर सिलिकॉन कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ लेप) देता येते, मात्र बॅरोमीटर, यूएसबीचे तोंड आणि कनेक्टर त्यातून वगळावेत.

पावसाळ्यात ड्रोन हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करावे. बॅटऱ्या प्रति सेल ३.८ व्होल्टवर, वेगळ्या, न पेटणाऱ्या पेटीत ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा मोजाव्यात. एखादा सेल इतरांपेक्षा खाली घसरला असेल किंवा बॅटरी फुगली असेल तर ती काढून टाकावी. नारळी पौर्णिमेनंतर पहिले उड्डाण कॅमेऱ्याशिवाय, छातीच्या उंचीवर, एका मिनिटाचे ठेवावे, आणि खाली उतरताच चारही मोटरी हाताने चाचपून पाहाव्यात.