खाड्या मोजत रेडीपर्यंत: स्प्लेंडरवरून कोकणचा सागरी रस्ता

माझी सगळी नोकरी एसटीच्या आगारात, मेकॅनिक म्हणून गेली. कराडला घर. निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी आणि बायको हरिहरेश्वरापासून रेडीपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने स्प्लेंडरवरून गेलो, आणि त्यानंतर आणखी तीनदा गेलो. तरुण पोरं विचारतात, काका, कोणती गाडी घेऊ, किती दिवस लागतील, रोज किती किलोमीटर होतील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. या रस्त्यावर किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग कागदावर पाचशे किलोमीटरच्या वर आहे. मुंबई-गोवा हायवेवर एवढं अंतर एका दिवसात कापणारे लोक आहेत. इथे मात्र सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रस्ता तोडते. हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री, या तीन ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. तिथले लोक तिला जंगलजेटी म्हणतात, जंगलाशी तिचा काही संबंध नाही. पूर्णगडला मुचकुंदी आणि जैतापूरची खाडी पुलावरून ओलांडता येतात. रस्ते विकास महामंडळाने बाकीच्या खाड्यांवरही पुलांची कामं हाती घेतली आहेत, पण पूल होईपर्यंत तुमचा दिवस जेटीच्या वेळेनुसार चालेल. शेवटची फेरी चुकली तर दाभोळहून चिपळूणमार्गे गुहागरला जायचं. अंधारात, दमलेल्या हातांनी, वळणांच्या रस्त्याने. एकदा गेलोय, पुन्हा जाणार नाही.

म्हणून दिवस असा आखा: एका दिवसात एकच जेटी, आणि तीही दुपारच्या आत. पहिला मुक्काम हरिहरेश्वरला. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले करत हर्णे किंवा दापोलीजवळचं मुरुड. तिसऱ्या दिवशी दाभोळ ओलांडून गुहागर. चौथ्या दिवशी हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड करून गणपतीपुळ्याला किंवा थेट रत्नागिरीला. मग पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूर, विजयदुर्ग. सहाव्या दिवशी देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. सातव्या दिवशी वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. आडवाटा धरून माझ्या मीटरवर ४७० किलोमीटर भरले. सात दिवसांना हे कमी वाटेल, पण गाडीवर बसल्यावर वाटणार नाही.

कोणती गाडी, तर जी घरात आहे ती. माझी शंभर सीसीची, ड्रम ब्रेकची, तारांच्या चाकाची आहे. या रस्त्यावर काटा ४० च्या पुढे फारसा जातच नाही. हलकी गाडी जेटीवर हाताने फिरवता येते, वाळूत रुतली तर दोघांत उचलता येते, आणि तिचे पार्ट कुठल्याही गावातल्या गॅरेजमध्ये मिळतात. मोठी गाडी असेल तर न्या, पण या प्रवासासाठी कर्ज काढून घेऊ नका.

निघण्याआधी मी चार गोष्टी बघतो. टायरची नक्षी, ब्रेक लायनर, चेन आणि क्लच वायर. लायनर अर्ध्यावर आले असतील तर घरीच बदला, कारण इथे प्रत्येक खाडीकडे उतार आहे आणि प्रत्येक उताराच्या तळाशी वळण. चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करून साधारण २५ मिलिमीटर हलली पाहिजे. मागे माणूस आणि सामान असताना ती ताणली जाते, म्हणून फार घट्ट करून ठेवू नका. टायरच्या हवेचे एकट्याचे आणि दुकटीचे आकडे वेगळे असतात, गाडीवर चिकटवलेल्या पट्टीवर ते लिहिलेले असतात. बहुतेक जण दुकटीचा आकडा कधी वाचतच नाहीत.

सोबत एक जादा क्लच वायर, एक चेनलॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी), एक प्लग, पुढची-मागची ट्यूब, हातपंप, प्लगपाना, पक्कड, दहा-बारा-चौदाचे पाने आणि हातभर बाइंडिंग वायर. हे सगळं एका जुन्या कापडी पिशवीत मावतं. चेनलॉकचं वजन तोळाभरही नाही, पण गावखडीच्या पुढे सड्यावर आमचं लॉक उडालं तेव्हा आसपास घर दिसत नव्हतं. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, झाड नाही, सावली नाही. वीस मिनिटांत नवं लॉक बसवून निघालो. लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला हवं, उलटी बसवली तर ती पुन्हा निघते.

आता जेटीबद्दल नीट सांगतो. लोक घाटाला घाबरतात, पण माझ्या मते या प्रवासातली सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे जेटीचा उतार.

हा उतार सिमेंटचा असतो आणि पाण्यात शिरलेला असतो. भरतीला त्याचा खालचा भाग पाण्याखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो. त्या भागावर हिरवं शेवाळ धरलेलं असतं. गाडी सुकलेल्या सिमेंटवर जशी वागते तशी तिथे अजिबात वागत नाही. पहिल्या वेळी दाभोळसमोरच्या तीरावर, धोपाव्याच्या बाजूला उतरून वर चढताना पुढची गाडी अचानक थांबली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं सामानासकट आडवे. बायकोचा मनगट मुरगळला, रत्नागिरीपर्यंत सुजलेला होता. पस्तीस वर्षं मी ब्रेकवर काम केलं होतं आणि चूक ब्रेकचीच केली. तेव्हापासून आमचा नियम ठरलाय. जेटी आली की मागच्याने उतरायचं आणि चालत जायचं. चालवणाऱ्याने पहिला गिअर टाकायचा, दोन्ही पाय जमिनीजवळ ठेवायचे, पुढच्या ब्रेकवरून बोटं काढूनच घ्यायची आणि लागला तर मागचा हलका दाबायचा. पुढच्या गाडीने उतार पूर्ण सोडल्याशिवाय आपण निघायचं नाही. मागून कितीही हॉर्न वाजले तरी.

ओहोटी किती वाजता, हे कोळ्यांकडून शिकलेल्या हिशोबाने काढता येतं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी जास्त चढतं तसं जास्त खालीही जातं, म्हणजे पाचच्या सुमारास शेवाळाचा पट्टा सगळ्यात लांब उघडा असणार. निघायच्या आधी मी कालनिर्णय बघून सातही दिवसांच्या तिथी वहीत उतरवतो. थोडं पुढेमागे होतं, पण उतार ओला असेल की सुका, हे कळायला एवढं पुरतं.

बोटीवर गेल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद, आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीला घट्ट रबराने बांधा. सायकलच्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापून मी कायम मुठीवर ठेवतो. बोट लाटेवर आली की नुसत्या साईड स्टँडवरची गाडी पुढे सरकते आणि आडवी होते. स्टँड लोखंडी पत्र्यावरच्या पट्टीला अडेल असा लावा. सुट्टीच्या दिवशी चारचाकींची रांग लांब असली तरी दुचाकींना कोपऱ्यात जागा करून देतात, फक्त आधी पुढे जाऊन तिकीट काढा आणि माणसाला विचारा. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून ठेवा, ती ऋतूप्रमाणे बदलते.

रस्ता शोधायचं दुसरं मोठं काम. मोबाईलचा नकाशा इथे सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो, आणि तो पुष्कळदा पाखाडी निघतो. पाखाडी म्हणजे वाडीतून खाली जाणारी दगडी पायऱ्यांची वाट. गुहागर तालुक्यात एका संध्याकाळी आम्ही अशा वाटेच्या तोंडाशी येऊन थांबलो, समोर पायऱ्या, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे म्हणजे कुंपणाच्या भिंती, गाडी वळवायला जागा नाही. एका आजींनी अंगणातून पाहिलं आणि घरातल्या दोन मुलांना हाक मारली. त्यांनी गाडी मागच्या मागे ओढून दिली. वेसवीहून केळशीकडे जातानाही नकाशावर केळशी समोरच दिसते, पण मध्ये भारजेची खाडी आहे, आत मांदिवलीच्या पुलावरून जावं लागतं.

म्हणून माझा प्रश्न एकच असतो, आणि तो एसटीत राहिल्यामुळे सुचला: "या रस्त्याने एसटी जाते का?" एसटी जात असेल तर तुमची गाडी नक्की जाईल, तो रस्ता कुठेतरी पोचतो आणि वाटेत माणसं भेटतात. नाही म्हणाले तर दुसरा रस्ता विचारा. "किती लांब" हे विचारून उपयोग नाही, "हे काय, इथेच" असंच उत्तर येतं, कारण ते माणूस रोज चालत जातं. आणि ज्या गावात मुक्कामी गाडी येते तिथे पहाटे ड्रायव्हर-कंडक्टरसाठी चहा होतो. साडेपाचला त्या गाडीजवळ जाऊन उभे राहा. पुढे रस्ता कुठे खचलाय, कुठे काम चाललंय, हे त्या दोघांइतकं ताजं कुणालाच माहीत नसतं.

समोरून एसटी आली तर वळणाच्या आधीच थांबा. रस्ता एका गाडीचा, कडेला डांबर तुटून वीतभर खड्डा. चालत्या गाडीवर साईडपट्टीवर उतरायला गेलात तर पुढचं चाक त्या कडेला घासतं आणि हँडल हातातून जातं. थांबून, पाय टेकून, मग उतरा. वळणांवर जांभ्याची बारीक खडी असते, तीही पायाखालच्या मण्यांसारखी सरकते. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको.

पेट्रोल दापोली, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशा मोठ्या गावी टाकी अर्धी असली तरी भरून घ्या. रिझर्व्हवर येईपर्यंत वाट पाहू नका. रोख पैसे ठेवा, त्यातही दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण खाडीकाठच्या गावांत रेंज जाते आणि मोबाईलने पैसे देणं अडतं.

जेवणाचं एक लक्षात ठेवा. घरगुती खानावळीत सकाळी दहाच्या आत फोन करून किती ताटं हवीत ते सांगायचं. तेवढाच नारळ खोवला जातो, तेवढेच मासे आणले जातात. न सांगता दोन वाजता दारात उभं राहिलात तर ती बाई तुम्हाला उपाशी पाठवणार नाही, पण तिच्या घरच्यांच्या वाटणीतलं जेवण तुमच्या ताटात येईल. हे आम्हाला हेदवीत समजलं, आणि मला फार वाईट वाटलं होतं.

पाहण्यासारखं खूप आहे, सगळं सांगत बसत नाही. हर्ण्याला संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव चुकवू नका. आणि कशेळीच्या सड्यावर थांबा. कनकादित्याचं देऊळ बघून लोक निघून जातात, पण सड्यावर जमिनीत कोरलेल्या हत्तीची प्रचंड आकृती आहे, तिच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. उन्हं कलल्यावर जा, सावलीमुळे रेषा उठून दिसतात. चपला काढून बाहेरूनच बघा, रेषांवर पाय देऊ नका, गाडी तर कातळावर नेऊच नका.

देवगडच्या पुढे भाषा बदलते. आचऱ्याला टपरीवर चहा पिताना "खंयसून इलात?" असं विचारलं की घाईने "कराड" म्हणून मोकळे होऊ नका. बसा. आमच्या मिठबावच्या मुक्कामाची सोय अशाच एका चहावर झाली.

जायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलपासून हापूसच्या पेट्या घेऊन टेम्पो घाईत असतात आणि सड्यावर ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की जेटी बंद होते, उतार तर सगळेच शेवाळतात.

परत येताना आम्ही रेडीहून सावंतवाडी, आंबोली घाट, आजरा, गडहिंग्लज असे घरी येतो. पण घरी पोचल्यावर काम संपत नाही. खाऱ्या हवेने आणि वाळूने गाडी आतून खाल्ली जाते. दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पाण्याचा जोर नको, नुसती बादली आणि फडकं. चेन रॉकेलच्या कापडाने पुसून सुकवा, मग नव्वद नंबरचं ऑईल थेंबथेंब आतल्या बाजूने सोडा आणि बाहेरचं जादा ऑईल पुसून टाका. दोन्ही चाकं खोलून ड्रममधली वाळू झाडा, लायनरला पॉलिश पेपर मारा. तारांच्या निपलजवळ आणि सायलेन्सरच्या खालच्या बाजूला गंज आधी धरतो, तिथे बॅटरी लावून बघा. माझ्या गाडीच्या मागच्या ड्रममधून गेल्या खेपेला चमचाभर वाळू निघाली, कुणकेश्वरची पांढरी.