मागच्या चाकांच्या टोची बेरीज शून्य आली तरी गाडी तिरपी का चालते?

टो (वरून बघितल्यावर चाकाचं तोंड आत-बाहेर किती), कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाक किती कललंय) तुम्हाला येतं असं धरून चालतो.

गाडी एका बाजूला ओढते म्हटल्याबरोबर टाय रॉडला (स्टिअरिंगकडून पुढच्या चाकाला जाणारा दांडा) पाना लावू नका. आधी चारही टायरची हवा बघा, रिमच्या आत हात घाला. पावसाळ्यात काळी माती आत चिकटून वाळते अन् वेग घेतला की गाडी थरथरते. धुतलं की गेलं. मग पुढचे दोन टायर अदलाबदल करा; ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा.

आता मागे या. टायरवर तळहात आडवा फिरवा. जाताना गुळगुळीत अन् येताना करवतीसारखं लागलं तर टो बिघडला. नुसती आतली कड झिजली असेल तर कॅम्बर बघा.

फसगत होते ती इथं. मशीनवर मागचा एकूण टो शून्य, पडदा हिरवा. पण डावं चाक २० मिनिटं (एक अंश म्हणजे ६० मिनिटं) आत आणि उजवं २० मिनिटं बाहेर असलं तरी बेरीज शून्यच! दोन्ही चाकं उजवीकडे बघतात. एकमेकांना समांतर असल्यानं टायरही झिजत नाही, म्हणजे हात फिरवूनही सापडत नाही. म्हणून डाव्या-उजव्याचे आकडे वेगवेगळे वाचा. आत अधिक, बाहेर उणे धरा. डाव्यातून उजवा वजा करा, निम्मं करा: (२० + २०) ÷ २ = २०. हा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन. अडीच मीटर व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) मागचा भाग साधारण १४-१५ मिमी उजवीकडे सरकतो आणि सरळ जायला स्टिअरिंग उजवीकडे धरावं लागतं. धुळीच्या पांदणीत गाडी सरळ चालवा, उतरून दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या बघा. सुरुवातीला अधिक-उण्यात सगळ्यांचाच गोंधळ होतो. कागदावर चाकं काढा, सुटेल.

टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करून देणारे उस्ताद भेटतील. गिऱ्हाईक खूश, गाडी तिरपीच. असं काम शिकूच नका.

मशीन नसेल तर हबच्या उंचीवर दोन्ही बाजूंना नायलॉनचा दोरा ताणा. पुढच्या दोन्ही हबपासून अंतर सारखं हवं, मागच्या दोन्हीपासूनही सारखं. मागच्या रिमच्या पुढच्या अन् मागच्या कडेपासून दोरा किती दूर ते मोजा. चौदा इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे जवळपास ९ मिनिटं. चाकाचा अर्धा फेरा होईल इतकी गाडी ढकला, दोरा नव्यानं लावा, पुन्हा मोजून सरासरी घ्या. खड्ड्यात वाकलेल्या रिमचा पहिला आकडा खोटा असतो.

छोट्या गाड्यांच्या टॉर्शन बीमला (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) टोसाठी बोल्टच नसतो, म्हणून "मागे काही होत नाही" असं सांगतात. होतं. ओळंबा सोडून दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा. वरच्या उदाहरणात डावा ८ मिमीच्या आसपास कमी भरला आणि पुढचे आर्म ठीक असतील, तर बीम सरकलाय. बुशला (बीम जिथं बॉडीला जोडतो तिथला रबरी तुकडा) पहार लावून हलवा. दोन्ही सारखे भरले तर स्टब (चाक ज्यावर बसतं तो दांडा) किंवा बीमच वाकलाय. तो गॅसनं तापवून सरळ करायचा नाही, बदलायचा.

नव्या बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळा. लटकत्या बीमवर आवळला तर रबर पिळलेलं राहतं अन् लवकर फाटतं.

कापूस वाहणारी पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी तिरपी आली तर हे सगळं नंतर. आधी यू-बोल्ट ढिला आहे का अन् पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला का ते बघा.